झिलेची जागा

हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापून झाला की आमच्याकडच्या हवेला एक कोरडा, गोडसर वास येतो. बांधीत कापलेल्या धानाचा कडपा पसरलेला असतो, दुपारच्या उन्हात तो बारीक तडतडतो आणि वारा फिरला की तो वास रस्त्यापर्यंत येतो. त्याला काय म्हणतात हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणजे प्रत्येक गोष्टीला नाव आणि साल चिकटवून मोकळं होणं हाच माझा धंदा. पण या वासापुढे मी दरवर्षी मुकाट्यानं उभी राहते.

यंदाही तो आला. परवा शाळेतून स्कूटीवर घरी येत होते, आमगावचं रेल्वे फाटक बंद होतं. कडेला उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. वर बिरसीच्या विमानतळाकडचं शिकाऊ विमान उगाच गोल गोल फिरत होतं. विजेच्या खांबावर मंडईचं पत्रक चिकटवलेलं होतं, कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी, कोण शाहीर येणार, सगळं. मी ते वाचायला लागले आणि वाचता वाचता रडायलाच लागले. भर रस्त्यात, डोक्यावर हेल्मेट.

"काऊन वो बाई, घरचं कोनी गेलं काय?" शिंगाडेवालीनं विचारलं.

"नाही वो बाप्पा, कोनी नाही गेलं. अर्धा किलो द्या."

कोणी गेलं नाही हे अगदी खरं. घरी पोचले तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. गळ्याभोवती मऊ सुती रुमाल, त्याच्या आत श्वास घ्यायचं छिद्र. मला बघताच त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. आमच्या घरात एक टाळी म्हणजे इकडे ये, दोन म्हणजे चहा ठेव, आणि तीन म्हणजे तुझी बडबड पुरे. तिसरी टाळी माझ्या वाट्याला दिवसातून चारदा येते. बाबांचा आवाज जाऊन आता काही हंगाम झाले, पण घरात धाक त्यांचाच.

मी त्या फाटकाजवळ का रडले, याचं खरं उत्तर एक इंग्रजी सिनेमा हे आहे. असं सांगितलं तर आमच्या स्टाफरूममध्ये हसून हसून लोळतील. म्हणून तिथं सांगत नाही, इथं सांगते.

आधी मंडईचं सांगायला हवं. भाऊबीज झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी माहेरी आलेल्या असतात, धान घराकडे यायला लागलेला असतो, माणसांना जरा बसायला सवड मिळते. जिलेबी, आलूबोंडे, बांगड्या, पाळणे, धूळ. आणि दुपारी मैदानात खडी गंमत. नावाप्रमाणे सगळे उभे. समोर डफ घेतलेला शाहीर, बाजूला ढोलकीवाला आणि तुणतुणेवाला, मागे दोन-तीन झिलकरी. शाहीर ओळ म्हणतो आणि तिचं टोक सोडून देतो. ते टोक मागचे झिलकरी उचलतात, 'जी जी रं जी' करत वर ताणतात, तीच झील. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, फेटा सारखा करतो आणि पुढची ओळ काढतो. शाहिराची ओळ जमिनीवर पडू द्यायची नाही, एवढा एकच नियम. ऐकायला सोपा आहे. करून बघा म्हणजे कळेल.

माझे बाबा चाळीस वर्षं झिलकरी होते. दवनीवाड्याच्या बाजूला आमचं गाव, तिथल्याच शाहीर दयारामांच्या मागे. मी त्यांना शाहीरकाका म्हणते. काकांचा गुलाबी फेटा, चमकीचं जाकीट. बाबांचा पांढरा सदरा, तोही धानाच्या पेंढीला घासून घासून पिवळट झालेला. कार्यक्रम संपला की लोक शाहीरकाकांना हार घालत. बाबांच्या गळ्यात कोणी हार घातल्याचं मला आठवत नाही. लहानपणी याचा मला फार राग यायचा.

"बाबा, तुम्ही समोर काऊन उभे राहत नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"सारेच समोर गेले तं मांगं कोन राहीन?" ते म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मला ते उत्तर भित्र्या माणसाचं वाटलं होतं. पुढं शिकले, नोकरीला लागले, तरी तसंच वाटत राहिलं. आज सांगताना लाज वाटते, पण वाटत होतं हे खरं.

ज्या हंगामाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या सुमाराला बाबांचा आवाज बसला. सर्दी असंल, धुराळा असंल, म्हणत म्हणत महिना गेला. मग नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि विचारलं, "खर्रा किती वर्षांपासून?" बाबांनी छताकडे पाहिलं. खर्रा! सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेलं ते चिकट बुकणं. आमच्या गावात पाव्हण्याला पाणी द्यायच्या आधी ते देतात. तो शब्द नुसता कानावर आला तरी माझं डोकं फिरतं. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, बोलणं मात्र जाईल. आणि आठ-दहा दिवसांच्या आत करा.

"कार्तिक निंघू द्या," बाबा म्हणाले. "मंडया झाल्या का येतो."

"काका, तोवर फार उशीर होईल."

"शाहिरानं गावाइले शब्द देल्ला आहे साहेब."

त्यांना मी आमगावला माझ्याकडे आणलं आणि मग रोज भांडण. ज्याचा आवाज जाणार होता तो गप्प बसायचा आणि जिचा शाबूत होता ती घर डोक्यावर घ्यायची. मी समजावलं, रडले, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा त्यांना त्रास होईल असं मला वाटलं होतं. ते निवांत शेंगा फोडत बसले.

खरं कारण त्यांनी मला सांगितलंच नाही, माझ्या लेकीला सांगितलं. तन्वी तेव्हा अकरावीत होती आणि तिच्या अंगात एक परदेशी बँड शिरला होता. काळा टी-शर्ट, त्यावर केस वाढवलेले चौघे जण, कानात वायर, आणि भिंतीवर त्या बँडच्या गायकाचा दरवाजाएवढा फोटो. तोंड उघडलेलं, मानेच्या शिरा ताठ, डोळे मिटलेले. मला तर त्या गाण्यात आणि राइस मिलच्या मशीनमध्ये फरक कळायचा नाही. बाबा मात्र एक दिवस त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले.

"तन्वे, हा शाहीर होय ना?"

"हो आबाजी, लीड सिंगर."

"मंग याचे झिलकरी कोन?"

तन्वीनं टी-शर्ट ताणून दाखवलं. हा गिटारवाला, आणि हा मागे बसलेला ड्रमवाला. दोघं मागून आवाज देतात. बाबांनी त्या दोघांकडे वाकून पाहिलं. गावचा माणूस दूरदेशी भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी तिच्या कानातली एक वायर आपल्या कानात घातली आणि ओसरीवर ते दोघं शेजारी बसले. त्याच दुपारी त्यांनी तिला ते गुपित सांगून टाकलं. शाहीरकाका सत्तरीचे झाले होते. दहा वर्षांपासून ओळीच्या टोकाला त्यांचा आवाज फुटत होता. बाबा ते टोक जरा आधीच उचलत, इतकं अलगद की ऐकणाऱ्यांना कळत नसे आणि खुद्द शाहीरकाकांनाही कळत नसे.

"मी निंघालो तं त्याचं सारं उघडं पडन," बाबा तिला म्हणाले. "म्हातारपनी माणसाची अशी फजिती करू नये."

तन्वीनं मला हे सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच धरून मी ओट्याला टेकून उभी राहिले. एका माणसाची लाज राखायला दुसरा माणूस स्वतःचा जीव टांगणीला लावून बसला होता, आणि तो माणूस माझा बाप होता. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

तो सिनेमा नेमका त्याच दिवसांत गोंदियाला लागला. त्या बँडची आणि त्याच्या गायकाची खरी घडलेली कथा. चार दिवस, दुपारचा एकच खेळ. तन्वीनं हट्ट धरला की आबाजींनाही न्यायचं. मी म्हटलं, त्यांना काय कळणार आहे त्यातलं? ती म्हणाली, "तुला तरी काय कळणार आहे?" पोरगी माझ्यावर गेली आहे. आम्ही तिघं सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंनी कापणी चाललेली. काही बांध्या मोकळ्या, काहींत उशिरा पिकणारा भारी धान अजून उभा, आणि एका ओल्या बांधीत सारसांची जोडी.

टॉकीजच्या दारावरच्या माणसानं बाबांचं धोतर पाहिलं. "बाबूजी, अंग्रेजी पिक्चर है. समझोगे क्या?"

"गाने हैं ना?" बाबांनी विचारलं. "तो बस."

आत वीस-पंचवीस कॉलेजची पोरं होती, पाय पुढच्या खुर्च्यांवर. अंधार झाला आणि पहिला आवाज आला. मी आजवर असा आवाज ऐकला नव्हता. तो कानातून आलाच नाही, खुर्चीतून आला, चपलेतून आला, बरगड्यांत शिरला. मी घाबरून बाबांकडे पाहिलं. त्यांनी उजवा तळहात आपल्या छातीवर ठेवला होता, डॉक्टर ठेवतात तसा, आणि तोंड उघडं राहिलं होतं.

गोष्ट साधीच होती. थंड प्रदेशातलं एक बंदराचं गाव, मासळीबाजारात टोपल्या वाहणाऱ्याचा पोरगा, त्याचे तीन मित्र. बर्फाच्या रिकाम्या गोदामात ते वाजवायला लागतात. पोराच्या गळ्यात काहीतरी अचाट आहे. मग नाव, गर्दी, माज, भांडणं. तन्वी दोघांच्या मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे मराठीत सांगत होती. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "तू चूप बस वो माय. समजून राहिलं मले."

आणि त्यांना खरंच समजत होतं, माझ्यापेक्षा जास्त. कॅमेरा सारखा त्या गायकावर. मीही त्यालाच बघत होते. बाबा पडद्याच्या कडेला बघत होते. मधेच माझ्या हाताला कोपर लावून म्हणायचे, "तो ढोलवाला पाह्य. समोरचा मस्ती करून राहिला, अन् हा धरून राहिला." किंवा, "आत्ता चुकला होता शाहीर. त्या गिटारवाल्यानं सावरलं. पाह्यलं काय?" मी पाहिलं नव्हतं. पण एकदा सांगितल्यावर मला दुसरं काही दिसेना. चाळीस वर्षं ज्यांना मी मागे उभे राहणारे म्हणून कमी समजत आले, ते तिथे काय करतात हे मला त्या अंधारात, परक्या देशाच्या परक्या भाषेतल्या गाण्यात दिसलं. किती बावळट असावं माणसानं, स्वतःच्या बापाचं काम समजायला गोंदियाच्या टॉकीजमध्ये यावं लागलं!

पुढं त्या गायकाचा गळा बिघडतो. तो कोणाला सांगत नाही. मित्रांपासून लपवतो, औषध पितो आणि हसतो. आपल्याच बंदरगावात शेवटचा मोठा कार्यक्रम ठेवतो. मैदानावर मावत नाहीत एवढी माणसं. तो सगळ्यांत गाजलेलं गाणं सुरू करतो, सूर चढत जातो, चढत जातो, आणि ओळ अर्ध्यात असताना आवाज तुटतो. तोंड उघडं, आवाज नाही. वाद्यं एकेक करून थांबतात. एवढ्या मोठ्या पडद्यावर आणि एवढ्या मोठ्या टॉकीजमध्ये एकदम शांत.

आणि त्या शांततेत माझे बाबा उभे राहिले.

त्यांनी ठरवून काही केलं असेल असं मला वाटत नाही. चाळीस वर्षांची सवय पायांनी उठवली असणार. शाहिराची ओळ पडत होती आणि मागून कोणी उचलत नव्हतं. बाबांनी डावा हात कानाला लावला आणि झील उचलली. "जी जी रं जी!" बसलेला, फाटका, खरखरीत आवाज, पण त्या गाण्याच्या सुराला अगदी नेमका जाऊन लागलेला. गोंदियाच्या टॉकीजमध्ये, धोतर नेसलेला म्हातारा, एका गोऱ्या गायकाची ओळ धरून उभा.

पोरं हसली. हसणारच. दारावरचा माणूस बॅटरी घेऊन धावत आला. "कौन चिल्ला रहा है? बैठो, बैठो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाबांचा सदरा ओढत होते. पण तन्वी उठली आणि त्या बॅटरीच्या उजेडात म्हणाली, "मेरे आबाजी हैं. गा रहे हैं, दिखता नहीं क्या?" तोवर पडद्यावर मागचा ड्रमवाला त्या तुटलेल्या ओळीचं टोक धरून गायला लागला होता, मग गिटारवाला, मग अख्खं मैदान. बाबांनी मान हलवली, आता हे पाहून घेतील अशा समाधानानं, आणि खाली बसले. त्या वेळी मागच्या रांगेतल्या एका पोरानं हळूच विचारलं, "काका, आप भी सिंगर हो क्या?" हसायला विचारत नव्हता तो.

"नहीं," बाबा म्हणाले. "पिछेवाला हूँ."

शेवटी पडद्यावर खऱ्या गायकाचे खरे फोटो आले. बाबा एकदम पुढे सरकले. "हा तं घरच्या भिंतीवरचा शाहीर!"

"हाच तो, आबाजी. खरा. आपण बघत होतो तो नट होता. गाणी मात्र याचीच, जुनी रेकॉर्ड केलेली. तो जाऊन बरीच वर्षं झाली."

"म्हंजे मानूस गेला, अन् गळा राहिला?" बाबा दिवे लागेपर्यंत तसेच बसून राहिले. देवळातून निघताना माणसं चालतात तसे हळू पावलांनी बाहेर आले. मी त्यांना कधी कुठल्या गोष्टीनं इतकं थक्क झालेलं पाहिलं नव्हतं, आणि मी त्यांना पाहून थक्क झाले होते.

परतीच्या गाडीत भेळेचे पुडे हातात तसेच राहिले. बाबा म्हणाले, "त्या पोट्ट्यानं एकच चूक केली. मांगच्याइले सांगतलं नाही. सांगतलं असतं तं त्याइनं आधीच धरलं असतं, एवढ्या लोकात त्याले तसं उभं राहावं लागलं नसतं." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मी बी शाहिराले सांगतलं नाही. माया गळ्याचं बी नाही, त्याच्या बी नाही. उद्या गावाले जातो, सांगतो. मंग नागपूरले चाल."

मला आनंद झाला. इतके दिवस मी ज्यासाठी भांडत होते ते मिळालं होतं, आणि मिळाल्यावर त्याचा अर्थ कळला. हा जो माणूस माझ्यासमोर बोलतो आहे, तो आठ दिवसांनी बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाला गेलो. शाहीरकाका अंगणात धानाच्या रचलेल्या पुंजण्याजवळ खाटेवर बसून डफाला ऊन दाखवत होते. बाबांनी आडवळण घेतलं नाही. आधी आजाराचं सांगितलं, मग दुसरं. काका ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"दहा साल?" ते म्हणाले.

"हाव."

"दहा सालापासून माया आवाज फुटून राहिला, अन् तू मले आज सांगून राहिला?"

"सांगतलं असतं तं तू गानं सोडलं असतं शाहीर."

"निंघ," काका उठून उभे राहिले. "निंघ माया आंगनातून. दया करून राहिला होता माझ्यावर? निंघ!"

बाबा निघाले. वाटेत बांधावर एकदा बसले आणि पाणी मागितलं. मी विचारलं, पश्चात्ताप होतो का. म्हणाले, "नाही. पन माया जागेवर तो आता कोनाले उभा करीन, ते मले पाह्यला आवडनार नाही." आजाराची, सुरीची, मरणाची भीती त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही. त्यांना हवी होती ती फक्त शाहिराच्या मागची हातभर जमीन.

नागपूरला भरती केल्यावर मी वेड्यासारखी एक गोष्ट शोधत बसले. बाबांचा आवाज. गावच्या पोरांनी काढलेले मंडईचे कितीतरी व्हिडिओ मागवले. सगळ्यांत माइक शाहिरासमोर, फोन शाहिरासमोर. बाबांचा आवाज असायचा, पण दुसऱ्याच्या आवाजाखाली, ढोलकीच्या आत, वेगळा काढताच यायचा नाही. त्या गायकाचा गळा सगळ्या जगाजवळ आहे, आणि माझ्या बापाचा माझ्याजवळही नाही! मी फोन त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, काहीतरी म्हणा ना. एक झील म्हणा."

"ओळ कुठी आहे?" ते म्हणाले. "ओळीबिगर झील कायची म्हनू?"

"मग बोला तरी."

"काय बोलू? ठेव तो फोन. बॅटरी जाईन."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांना ढकलगाडीवरून नेलं. मी शेजारून चालत होते. काही मोठं बोलतील असं मला वाटत होतं. दाराशी त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सांभाळून ठेवजो." हे त्यांचं शेवटचं बोलणं.

त्यानंतर आठव्या दिवशी आमच्या गावची मंडई होती. वॉर्डात सकाळपासून बाबा अस्वस्थ. नाकात नळी, गळ्याला पट्टी, हातात आम्ही आणलेली शाळेतली पाटी आणि पेन्सिल. पाटीवर काहीच लिहीत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मलाही कळत होतं, आता जिलेबीच्या कढया तापल्या असतील, आता ढोलकी आवळत असतील. दुपार झाली. खडी गंमत उभी राहायची वेळ झाली, आणि बाबांनी घड्याळाकडे पाठ फिरवली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात गुलाबी फेटा दिसला. चमकीचं जाकीट, कपाळाला बुक्का, हातात शिंगाड्यांची पिशवी. शाहीरकाका! अख्खा वॉर्ड बघायला लागला. नर्स म्हणाली, "ओ काका, वरात आणली का?" काकांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते सरळ खाटेजवळ आले आणि बाबांना बघून, त्या नळ्या बघून, खाटेच्या दांडीला धरून उभे राहिले.

"मंडई?" मीच विचारलं.

"सोडली यंदाची," ते म्हणाले. "साऱ्या गावाइले नाही म्हनून सांगून आलो. दोन पोट्टे आले होते म्हने आमी झील धरतो. धरतीन ते, पोट्टे वाईट नाही." मग बाबांकडे वळले. "पन तालमीत मांगं वळून पाह्यलं तं तू नाही. मले ओळच निंघेना, सोम्या."

बाबांचं नाव सोमाजी. सोम्या म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काकाही रडत होते, मोठ्यानं, फेट्याच्या टोकानं नाक पुसत. मग काकांनी स्टूल ओढलं नाही, उभेच राहिले. एका हाताच्या तळव्यावर दुसऱ्या हाताची बोटं वाजवत, वॉर्डाला त्रास होऊ नये इतक्या हळू आवाजात, त्यांनी गण सुरू केला. मंडईचा पहिला गण, दर वर्षी याच वेळेला म्हणतात तो.

पहिली ओळ झाली. टोकाला आवाज फुटला. खरंच फुटला, आता मला स्वच्छ ऐकू आला. काकांनी तो लपवला नाही. तिथे ते थांबले. झील यायची असते तेवढी जागा त्यांनी रिकामी सोडली; कोणी काही म्हटलं नाही, ते फक्त तळव्यावर बोटं वाजवत राहिले. मग दुसरी ओळ, पुन्हा ती मोकळी जागा. बाजूच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. नर्स ट्रे धरून दारात उभी राहिली. मी त्या टॉकीजमध्ये जो आवाज छातीत घेतला होता, तो या रिकाम्या जागेपुढे काहीच नव्हता. त्या जागेत माझे बाबा उभे होते. मला ते दिसत होते.

तिसऱ्या ओळीनंतर बाबांनी हात वर केला. काका थांबले. बाबांनी पाटी मांडीवर घेतली, काहीतरी लिहिलं आणि कपाळाला आठ्या घालून पाटी काकांसमोर धरली. काकांना चष्म्याशिवाय वाचता येईना, म्हणून मी वाचून दाखवलं.

"जागा कमी ठेवून राहिला. झील एवढी लहान नोहोय. पयल्यापासून म्हन."

चाळीस वर्षांत शाहीरकाकांनी कोणाचं ऐकल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, फेटा सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.